मोकळी सम

१

"बाई, समेवर टाळी देऊ नका. ती जागा मोकळी राहू द्या."

रंगनाथचं हे सांगणं नर्मदाबाईंच्या कानात इतकं घर करून होतं, की त्याच्या तोंडावर चादर ओढतानाही त्यांना तेच ऐकू आलं. तोंड म्हणायचं तरी कशाला. डाव्या कानापासून कपाळापर्यंत कवटी आत बसली होती. कापूस तोलायचं लोखंडी वजन बाजूला पडलं होतं आणि त्याला केस चिकटले होते. रक्त टेबलावरून त्या कंप्युटरच्या बटणांत झिरपलं होतं, तिथून चटईवर, चटईवरून दाराकडं. त्या रक्ताच्या काठाकाठानं लाल मुंग्यांची रांग लागली होती. नर्मदाबाईंनी त्याच्या पापणीवरच्या मुंग्या पदराच्या टोकानं टिपल्या आणि मग चादर ओढली.

खोलीत आणखी एक माणूस होता. वस्तीवरचा हलगीवाला सटवाजी भिंतीला पाठ लावून बसला होता. त्याचे हात मनगटापर्यंत लाल होते आणि मुठीत भिंतीतून उपटलेली वायर होती. त्याच्याच ओरडण्यानं नर्मदाबाई शेजारच्या माडीवरून धावत आल्या होत्या.

"बाई, दादा..." तो एवढंच म्हणाला, तोवर जिन्यावर पावलं वाजली.

वर आले ते रंगनाथचे थोरले भाऊ दत्तराव आणि त्यांचे घरचे गडी. पहिली लाथ सटवाजीच्या तोंडावर बसली. दुसरीनं दात सांडले. कुणीतरी त्याची हलगी विळ्यानं फाडली, कुणीतरी तिचं कडं त्याच्याच डोक्यात घातलं. तो हात वर करून काही सांगू पाहत होता, तर तो हात धरून मागं पिरगाळला. काडी मोडल्यासारखा आवाज आला. नर्मदाबाई मध्ये पडल्या तेव्हा एक काठी त्यांच्याही खांद्यावर उतरली. जन्मात त्यांनी आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी चढवायला गेल्या, तर घशातून नुसती हवा आली.

फौजदार भुजंगराव आले म्हणून सटवाजी जिवंत राहिला.

"बाई, तुमची भिंत ह्या खोलीला लागून," भुजंगराव म्हणाले. त्यांची बायको नर्मदाबाईंच्या हाताखाली कन्याशाळेत गाणं शिकलेली, म्हणून तेही 'बाई'च म्हणत. "तुम्ही काय ऐकलं?"

"जपाला बसले होते. भिंतीपलीकडं रंगाचा बाजा वाजत होता, रोजच्यासारखा. मग एकदम थांबला. आणि हा ओरडला."

"मी समोर वसरीवरच होतो पाहुण्यांसंगं," दत्तराव दातओठ खात म्हणाले. "ह्याला जिना चढताना माझ्या डोळ्यानं पाहिला. हा वर गेला आन् बाजा बंद पडला. आनखी काय पाहिजे तुमाला, साहेब?"

भुजंगरावांना आणखी काही नको होतं. बाजा वाजत होता तोवर रंगनाथ जिवंत होता. बाजा थांबला तेव्हा त्याच्यापाशी एकटा सटवाजी होता. नर्मदाबाईंनी जबानीवर सही केली. सही वाळली तेव्हा कुठं त्यांच्या ध्यानात आलं, की आपण एका माणसाला फासाकडं ढकललं आहे.

२

रंगनाथ इंजिनियरिंग अर्धवट टाकून सेलूला परतला, तो एक कंप्युटर घेऊन. दिसायला टाइपरायटरसारखा, टीव्हीला जोडायचा, आणि त्याला आवाज आत घेणारी एक डबी. भाऊ जिनिंगचे मालक. त्यांनी कापसाच्या गोदामावरची खोली त्याला दिली, ती घरात कटकट नको म्हणून.

तिथं बसून तो वरातीतली नाचाची गाणी फोडायचा. फोडायचा हा त्याचाच शब्द. ज्या गाण्यावर अख्खं सेलू लग्नात घामाघूम व्हायचं, ते तो त्या डबीतून आत घ्यायचा आणि कोंबडी कापावी तसं कापायचा. ढोलाचा एक तुकडा, क्लॅरिनेटचा एक, बाईच्या हसण्याचा एक. एकेका बटणावर एकेक तुकडा बसवायचा, उलटासुलटा लावायचा, आणि मशीनला सांगायचा, हेच फिरवत राहा. मग ते कुणी बंद करेपर्यंत फिरत राहायचं. गाव ह्यालाच रंगाचा बाजा म्हणायचं.

पण एक गोष्ट तो नेमानं करायचा. सम काढून टाकायचा. तालाचं आवर्तन फिरून जिथं येऊन पडतं, ती पहिली मात्रा. तिथं तो काहीच ठेवायचा नाही. नर्मदाबाईंचा जप रोज ह्या मोकळ्या जागेत अडखळायचा. त्यांनी तक्रार केली, तर तो हसला होता.

"सम आली की पाय आपोआप पडतात, बाई. मला बघायचंय, सम काढून घेतली तर ते पाय कुठं जातात."

"खड्ड्यात जातात," नर्मदाबाई हळूच म्हणाल्या होत्या, आणि तो इतका हसला की त्यालाच ठसका लागला.

अख्ख्या गावात त्याच्याकडं बसून ती बटणं दाबायला दोघंच शिकले. एक सटवाजी. दुसरे माणिकराव मास्तर, बँडवाले, देवळात पखवाज वाजवणारे. बाकीच्यांनी त्या खोलीला वेड्याची खोली म्हणून सोडून दिलं होतं.

खुनाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी नर्मदाबाईंच्या दारात सटवाजीची आई, चांगुणाबाई, येऊन बसली. तिच्या लुगड्याला जळल्याचा वास होता.

"आत ये, चांगुणा."

"आत कशाला. हितंच बरी." तिनं डोळे वर केले नाहीत. "राती दगडं आले. मग चूड आली. माजं घर अर्दं गेलं. त्या विद्यापीठाच्या नावापायी मागं जाळली व्हती वस्ती, तवा निदान कारन तरी त्येंचं व्हतं. आता कारन तुमचं हाय, बाई. तुमी रोज देवापुडं बसनाऱ्या. तुमच्या शब्दावर माजं लेकरू मारायलेत."

नर्मदाबाई उंबऱ्यावरच बसल्या. "मी ऐकलं तेच सांगितलं गं."

"ऐकलं ते सांगितलं. उद्या राख सावडली की दत्तरावची मान्सं येनार हायेत. गावात उगड उगड बोलायलेत. मान्सासगट पेटवू म्हंत्यात." तिनं नाक पुसलं. "पोराला खिडकीतून पाह्यलं. तोंडाचा नुसता चेंदा. एवडंच म्हनला, आई, मी गेलो तवा बाजा वाजत व्हता आन् दादा गार पडला व्हता. त्यो मेलेल्या मान्साजवळ वाजनारा बाजा सहन व्हईना, म्हनून मी वायर उपटली."

"गार?"

"गार म्हनला."

नर्मदाबाईंनी पदराचं टोक हातात घेतलं. टिपलेल्या मुंग्यांपैकी एक अजून तिथं चुरडलेली होती. माणसाचं डोकं आत्ता फुटलं, तर आत्ताच मुंग्यांची रांग कशी लागेल?

३

त्या संध्याकाळी नर्मदाबाई माळ घेऊन बसल्या, पण नाम तोंडात आणि मन कालच्या दिवेलागणीत. एकदा जपाला बसलं की माळ पुरी होईस्तोवर उठायचं नाही, बोलायचं नाही, हा त्यांचा नेम. काल त्यांनी जे ऐकलं ते कानांनी ऐकलं होतं, मनानं नाही. आता त्या ते मनानं ऐकू लागल्या.

आधी एक धप्प आवाज. कापसाची गाठ पडावी तसा. मग थोडी शांतता. मग बटणं चाचपडल्यासारखे सुटे सुटे तुकडे. मग बाजा.

माळ थांबली. गाठ? काल अमावस्या होती. अमावस्येला दत्तराव जिनिंगला कुलूप घालतात, बाप-आज्यापासूनची रीत. गोदामात माणूस नाही, गाठ उचलणार कोण आणि टाकणार कोण? ती गाठ नव्हती. रंगनाथ होता.

म्हणजे बाजा त्याच्यानंतर सुरू झाला.

आणि तो बाजा. काल जप किती सुरळीत झाला होता. कुठं अडखळला नाही. काल त्यांना वाटलंही होतं, की पोराला सद्बुद्धी सुचली. क्लॅरिनेटचे तुकडे एकामागं एक येत होते, शेवटी तिहाई, म्हणजे एकच बोल तीनदा फिरत होता आणि अल्लाद समेवर उतरत होता. प्रत्येक आवर्तनाला सम. भरलेली, ठणठणीत.

ज्यानं काल ते मशीन लावलं, तो रंगनाथ नव्हता. रंगनाथ तोवर मुंग्यांचा झाला होता.

सकाळी देवपूजा उरकून त्या ठाण्यावर गेल्या. कोठडीतून कण्हणं येत होतं.

"बाई, मुंग्या आणि अमावस्या मी समजू शकतो," भुजंगराव सगळं ऐकून म्हणाले. "आवाज आधी, बाजा नंतर, हेही समजलं. पण सम? सम होती म्हणून मी कुणाला धरू?"

"दत्तरावांनीच सांगितलं ना, बाजा वाजत असताना सटवाजी जिना चढला म्हणून? मग बाजा लावणारा तो नाही. त्यांच्याच शब्दानं तो सुटतो."

"आधी मागच्या जिन्यानं येऊन गेला असेल, आणि परत पुढून आला असेल. वकील हेच म्हणेल. गोदामाला मागून जिना आहे, आणि अमावस्येला तिथं चिटपाखरू नव्हतं." त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. "बाई, माझ्याकडं शिपाई मोजकेच आहेत. दुपारनंतर जमाव निघाला, तर मी वस्ती वाचवू शकत नाही. मला नाव पाहिजे. दुपारच्या आत."

"दोघांशी बोलून येते," नर्मदाबाई म्हणाल्या.

"दोघं कोण?"

"एक, ज्यानं रंगाला परवा पट्ट्यानं झोडपलं. आणि दुसरा, ज्यानं त्याचा जीव घेतला असेल तर मला सर्वांत जास्त दुःख होईल."

४

दत्तराव ओसरीवर होते, डोकं भादरलेलं, भोवती माणसं. कोपऱ्यात काठ्यांचा भारा आणि रॉकेलचा डबा होता. नर्मदाबाईंनी तो बघितला, हे दत्तरावांनीही बघितलं.

"काकू, तुमी आत बायकांत जा."

"परवा तुम्ही रंगाला पट्ट्यानं मारलंत. भिंतीतून ऐकू आलं."

दत्तरावांचा जबडा हलला. "मारलं. लय मारलं. धाकट्या भावाला मारू नाही का? त्या हलगीवाल्याला माझ्या पलंगावर बसवायचा, एका ताटात जेवायचा. आमच्या घराची इज्जत म्हनून काही हाय का न्हाई? म्हनलं, तुझे हातच तोडतो, मंग कसा वाजवतोस ते बघू." त्यांचा आवाज फाटला. "हात तोडतो म्हनलो होतो, काकू. डोकं न्हाई."

"तो वाजवायचा ते कसं वाटायचं तुम्हाला?"

"कसलं काय वाटतंय. गिरणीत खडा गेल्यावानी. सगळं सारखंच." त्यांनी तोंड फिरवलं. "पाहुने सांजेपासून माझ्यासमोर होते. विचारा त्यांना. आन् दुपारनंतर घराबाहेर पडू नका."

देवळात माणिकराव मास्तर पखवाजाला कणीक लावत बसले होते. साठीकडं झुकलेला माणूस, तळहात चामड्यासारखे. लग्नसराईत ते सेलूला राहत. घर देवगाव फाट्याला, तिथं त्यांची बायको पार्वतीबाई. मुलगा सोपान त्यांच्याच बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचा. जिंतूरच्या रस्त्यावर वरातीची जीप उलटली, त्यात गेला. अंगावरचा लाल कोट कापून काढावा लागला होता.

"या, बाई. लई वंगाळ झालं."

"तुम्ही जात होतात त्याच्याकडं."

"जायचो. परवा न्हाई गेलो." कणकेचा गोळा त्यांच्या बोटांत फिरत होता. "हुशार पोरगं, पन काळजात देव न्हवता त्याच्या. सम मारायचा, बाई. सम मारून टाकायचा. सम म्हंजे काय, तुमाला सांगायला पाहिजे का? लेकरू दिवसभर कुटंबी हुंदडो, सांजला घरी येतंच. ती सम. हा म्हनायचा, घरी यायचंच कशाला."

"सोपानची एक कॅसेट तुमच्याकडं होती ना, मास्तर? त्या परभणीच्या लग्नातली. एकदा ऐकवली होती तुम्ही."

गोळा थांबला. "हाय की."

"परत ऐकायची होती."

"घरी हाय. फाट्याला." मग ते पखवाजाकडं वळले आणि पुन्हा कणीक लावू लागले.

बाहेर पडताना पुजाऱ्यांनी सहज सांगितलं, "परवा मास्तर आरतीला उशिरा आले. एवढ्या थंडीत डोक्यावरून अंघोळ करून. म्हटलं, अमावस्या मोठी कडक पाळतात हे."

नर्मदाबाई स्वतः अनेक वर्षं अमावस्या पाळत होत्या. मास्तर ती पाळत नाहीत, हे त्यांना ठाऊक होतं. पारण्याच्या दिवशी ते नेहमी हसून म्हणत, आमचा उपास वाजवण्याचा.

गावातून घोळक्यांचा आवाज वाढू लागला होता. त्या ठाण्याकडं जवळजवळ पळतच निघाल्या.

५

रंगनाथनं 'ऐकून बघा' म्हणून दिलेली त्याची एक कॅसेट नर्मदाबाईंकडं होती. नवरात्रात दिलेली, अजून न ऐकलेली. भुजंगरावांनी ठाण्यातल्या टेबलावर टेपरेकॉर्डर ठेवला. मास्तर, दत्तराव आणि सटवाजी, तिघांना बोलावून फक्त एवढंच सांगितलं, की हा आवाज रंगनाथचाच का ते ओळखा.

कोठडीतून सटवाजीला दोघांनी धरून आणलं. एक डोळा मिटलेला, उजवा हात झोळीत. त्यानं मास्तरांकडं बघितलं, दत्तरावांकडं बघितलं आणि मान खाली घातली. दत्तराव त्याच्यावर धावले, शिपायानं त्यांना खुर्चीत दाबलं.

टेप सुरू झाला. वरातीतलं तेच गाणं, पण हाडं मोडून पुन्हा जोडल्यासारखं. ढोल, ढोलाचं शेपूट, हसणं, हसण्याची सावली, आणि मग सगळं एका कड्यावर येऊन... काही नाही. मोकळं. पुन्हा सुरुवात.

दत्तराव घुश्श्यात पाय हलवत होते. तो पाय ना धरून होता ना सोडून. त्यांना खरोखरच सगळं सारखं होतं.

सटवाजीचं डावं बोट मांडीवर चालू लागलं. अर्धवट शुद्धीतल्या माणसाचं बोट. ते ढोलाबरोबर गेलं, शेपटाबरोबर गेलं, कड्यापाशी आलं आणि थांबलं. अधांतरी. फुटलेल्या ओठांतून तो किंचित हसला. पुढच्या आवर्तनालाही बोट तिथंच थांबलं.

माणिकराव मास्तर हाताची घडी घालून बसले होते. पहिल्या आवर्तनाला खांदा हलला. दुसऱ्याला घडी सुटली. तिसऱ्याला त्यांचा उजवा तळवा टेबलावर पडला, बरोबर त्या मोकळ्या जागेत. थाप. त्यांनी हात मांडीखाली दाबून धरला. चौथ्याला तो मांडीखालून सुटून आला. थाप. ते घामानं भिजले होते. पुढच्या वेळी त्यांनी डाव्या हातानं उजवं मनगट पकडलं, तरी बोटं पडलीच.

नर्मदाबाईंनी टेप बंद केला.

"परवा रंगा मेल्यावर कुणीतरी त्याचं मशीन लावलं," त्या इतक्या हळू बोलल्या की भुजंगरावांना पुढं वाकावं लागलं. "ती बटणं दोघांनाच येत होती. त्यातल्या एकाला सम सोडता येते. रंगानं त्याला ते शिकवलं होतं. दुसऱ्याला ती जीव गेला तरी सोडवत नाही. मास्तर, परवा मी जी तिहाई ऐकली, तिसऱ्या बोलाआधी जरासा श्वास घेणारी, ती मी देवळात अनेक वर्षं ऐकते आहे. क्लॅरिनेट सोपानचं होतं. तिहाई तुमची होती."

मास्तरांनी आपल्या उजव्या हाताकडं बघितलं, दुसऱ्याच कुणाचा असावा तसं. मग तो वर उचलला आणि टेबलाच्या लोखंडी कडेवर आपटला. पुन्हा आपटला. बोटं उलटी झाली, नख उडालं, रक्त टेपरेकॉर्डरवर उडालं. शिपायांनी धरेपर्यंत ते आपटतच होते.

६

"मी नुसता इचारायला गेलो व्हतो," मास्तर म्हणाले. हाताला गुंडाळलेलं फडकं लाल होत होतं. "माझ्या पोराची क्यासेट परत दे म्हनलं. तीच एक हाय. त्यानं दिली. लावून बघितली, तर आत सोपान न्हाई. त्याच्यावर दुसरंच भरलेलं. म्हनलं, माझं लेकरू कुटं हाय? तर त्या बटणांवर बोट ठिवून म्हंतो, हितं हाय, मास्तर. आन् एक बटण दाबलं. सोपानच्या फुंकीचा एक तुकडा. दुसरं दाबलं, दुसरा तुकडा. जीपीतून काढला तवाबी असाच तुकड्या-तुकड्यानं काढला व्हता त्याला, बाई."

भुजंगराव लिहून घेत होते.

"तो पुडं काही सांगायलाच लागला व्हता. मी वजन उचललं." त्यांनी डोळे मिटले. "मंग मी बसलो आन् एकेक तुकडा हुडकून जोडला. त्यानंच शिकवलं व्हतं, कसा जोडायचा. जोडला, आन् सोपान वाजवायला लागला. अख्खा. समेवर येत व्हता. बंद कसा करू? माझ्या हातानं कसा बंद करू? तसाच वाजता ठिवून मागच्या जिन्यानं उतरलो."

"आणि सटवाजी?" नर्मदाबाईंनी विचारलं. "त्याचा हात मोडला, मास्तर. त्याच्या आईचं घर जळलं. तुम्ही देवळात कणीक मळत होता."

मास्तरांनी हातावरचं फडकं घट्ट आवळलं.

दत्तराव इतका वेळ भिंतीकडं बघत उभे होते. भुजंगराव त्यांच्यापाशी गेले. "ओसरीवरचा रॉकेलचा डबा माझ्या शिपायाच्या हातात द्या, आणि जमावाला घरी जायला तुम्हीच सांगा. तुमच्या तोंडून. नाहीतर वस्तीवर परवा पडलेल्या चुडीची फिर्याद मी आत्ता लिहून घेतो."

"लिहून घ्याच," नर्मदाबाई म्हणाल्या. "जमाव गेला तरी घ्या."

भुजंगरावांनी त्यांच्याकडं बघितलं आणि मान हलवली. दत्तराव सटवाजीच्या अंगावरून बाहेर गेले. थोड्या वेळानं रस्त्यावरचा गलका पांगत गेला.

मास्तरांना आत नेताना ते दाराशी अडले. "बाई, पारूला हे पोलिसाच्या तोंडून कळू देऊ नका. ती त्या पोरामागं आदीच अर्दी झाली. तुमी जा. तुमी हळू बोलता."

"जाईन," नर्मदाबाई म्हणाल्या. शब्द दिला, आणि मगच त्यांना त्याचं वजन कळलं.

ठाण्याच्या पायरीवर चांगुणाबाई लेकाला घ्यायला आली होती. सटवाजीला उभं राहवेना. तिनं त्याला खांद्याशी टेकवलं. तो सुजलेल्या तोंडानं पुटपुटला, "बाई, दादानं मास्तरची क्यासेट कापायच्या आदी अख्खी उतरून ठिवली व्हती. दुसऱ्या क्यासेटवर, चांगल्या. जुनी पट्टी झिजली व्हती, मास्तर रोज लावायचे म्हनून. थोरले भाऊ मोडून टाकतील ह्या भ्यानं माझ्याकडं दिली ठिवायला. परवा तीच घिऊन जिना चढलो व्हतो, दादा मास्तरला देनार व्हता म्हनून. झटापटीत कमरंलाच राह्यली, झडतीतबी कुनाला गावली न्हाई."

भुजंगरावांनी कपाळावर हात मारून घेतला. "हेच सांगायला लागला होता तर तो. सांगू का आत जाऊन?"

नर्मदाबाईंनी त्यांना हातानं अडवलं. "आज नको. आज आणखी एक घाव नको."

चांगुणाबाईनं लेकाच्या कमरेची कॅसेट काढली. वेष्टणाला रक्ताची बोटं लागली होती. ती तिनं लुगड्याला पुसली. देईल की नाही, सांगवत नव्हतं. "मास्तरला न्हाई देनार मी. माझं लेकरू मार खात व्हतं आन् त्यो मान्सात बसून पखवाज वाजवत व्हता." मग तिनं ती नर्मदाबाईंच्या हातात ठेवली. "त्याच्या बायकूला द्या. तिनं काय केलंय कुनाचं."

"तू येतेस का माझ्याबरोबर?"

"न्हाई बा. मला छप्पर शाकारायचंय."

नर्मदाबाई घरी गेल्या. देवापुढं दिवा लावला, पण माळ हातात घेतली नाही. नेम पहिल्यांदाच मोडत होता. त्यांनी टेपरेकॉर्डर जुन्या चादरीत गुंडाळला, त्याचे सेल तपासले, आणि पिशवी खांद्याला लावली. काठी लागलेला खांदा ठणकला, म्हणून ती दुसऱ्या खांद्यावर घेतली. आधी ऐकवायचं की आधी सांगायचं, हे त्यांना अजून ठरवता आलेलं नव्हतं.

स्टँडवर जिंतूरची गाडी लागलेली होती. कंडक्टरनं विचारलं, "कुठं, मावशी?"

"देवगाव फाटा," त्या म्हणाल्या, आणि पिशवी मांडीवर घेऊन खिडकीशी बसल्या.